स्टेपनीची जागा

आमच्या ऑफिसच्या जीपला मागच्या बाजूला स्टेपनी अडकवायचं लोखंडी ब्रॅकेट होतं, ते मी रुजू व्हायच्या आधीच तुटलं होतं. दुरुस्तीसाठी नागपूरला कागद गेला, नागपूरहून उलटा प्रश्न आला, त्याला उत्तर गेलं, आणि मध्येच आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. मग तो कागद कोणाच्या टेबलावर आहे हे कोणालाच सांगता येईना. तोवर स्टेपनी जीपच्या आत, मागच्या बाकावर बसायची. बसायची असंच मी म्हणते, कारण तिला एका माणसाची अख्खी जागा लागे. आमचे ड्रायव्हरकाका तिला सवारीतच धरत. लढाईत ब्रह्मदेशात जीप चालवून आलेले गृहस्थ. निघताना बोटावर मोजत, "साहेब एक, ताई दोन, स्टेपनी तीन," आणि मग गाडी सुरू करत.

मी तेव्हा आर्वीच्या विकास खंडात ग्रामसेविका होते. वर्ध्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक पास, वय चोवीस, लग्नाचा विषय काढला की अंगावर धावून जाणारी. गावोगाव जाऊन बायांना बिनधुराची चूल घालायला शिकवायचं, सांडपाण्याचा खड्डा कसा करायचा ते दाखवायचं, बाळाला कसं धुवायचं ते सांगायचं, असं काम. दोन वर्षं मी एकटीच होते. जीपमध्ये साहेबांच्या मागे माझी ठरलेली जागा होती आणि खंडातल्या पन्नासेक गावांत "ताई" म्हटलं की ती मीच होते. मग ती आली, दुसरी ग्रामसेविका.

ती अल्लीपूरकडची, शेतकऱ्याच्या घरची. मॅट्रिक तीही होती, पण बोलायला लागली की शाळेचा लवलेश दिसत नसे. आमच्याकडच्या बाया बोलतात तशी सरळ "मी जातो, मी करतो" म्हणायची. मला हसू यायचं. गावातल्या बायांना मात्र येत नसे, कारण त्याही तशाच बोलत. मी फूटपट्टी घेऊन चूल आखायची. बाजूच्या भांड्यासाठी वैल इतक्या इंचावर, तोंड इतक्या इंचाचं, सगळं पुस्तकात होतं तसं. ती घरच्या बाईचाच हात धरून तिच्याच वितेनं माप घ्यायची. "तुह्या हातानं रांधतं ना बाई? मंग तुह्याच हाताचं माप," असं म्हणायची. माझ्या चुली पुस्तकाबरहुकूम होत आणि त्यांवर कोणाचा तवा बसत नसे. महिन्याभरानं जाऊन पाहावं तर त्यात कोंबडी बसलेली. तिच्या चुली पेटत.

आता वय झालंय, खोटं कशाला बोलू? मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवण कडू व्हावं इतका. मी गेले की कोणीतरी पळत जाऊन पाटलाकडून खुर्ची आणायचं आणि मला अंगणात बसवायचं. ती गेली की सरळ आत, चुलीपाशी. आतून हसण्याचे आवाज यायचे आणि मी बाहेर खुर्चीवर पदर सावरत, जनगणनेला आल्यासारखी. एकदा एका म्हातारीनं तिच्या ओटीत तुरीच्या ओल्या शेंगा घातल्या आणि मला नमस्कार केला. परतताना तिनं त्यातल्या अर्ध्या माझ्यापुढे धरल्या. माझं पोट बिघडलंय, असं मी सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

स्टेपनीची युक्ती मला सुचली ती अगदी सहज. एकदा साहेब म्हणाले, आज दोघीही चला, स्टेपनी राहू द्या इथंच. मी म्हणाले, "साहेब, पांदणीचा रस्ता आहे. बाभळीचे काटे. अडकलो तर?" एवढंच. साहेब भित्रे होते. दिवस मावळायच्या आत घरी पोहोचणं हे त्यांचं आयुष्यातलं मोठं उद्दिष्ट होतं. ते लगेच म्हणाले, "खरंच की. घ्या स्टेपनी." आणि ती मागे राहिली. ऑफिसच्या व्हरांड्यात उभी राहून तिनं आम्हाला हात हलवला. मला वाटलं, हे फारच सोपं आहे.

त्यानंतर मला स्टेपनीचा लळाच लागला. पुढच्या सीटवर साहेब, मागे एका बाजूला सामान, दुसऱ्या बाजूला दोघांपुरती जागा. एक मी आणि दुसरी एकतर ती किंवा स्टेपनी. निघायची वेळ झाली की मी हटकून रस्त्याची चौकशी करायची. कोणती पांदण, कोणता नाला, परवा कोणाची बैलगाडी कुठे फसली. इतकी माहिती मी माझ्या चुलींचीही कधी ठेवली नव्हती. ड्रायव्हरकाका माझ्याकडे पाहायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि न बोलता ते धूड उचलून बाकावर टाकायचे. गरज नसेल तेव्हा स्टेपनी ऑफिसच्या व्हरांड्यात आडवी पडलेली असे, आणि उन्हाळा लागला तसा शिपायानं तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा रांजण ठेवायला सुरुवात केली. गोल बुडाच्या रांजणाला याहून चांगली चुंबळ कुठली मिळायची? फक्त तो जरा डुलायचा. एक दिवस पाणी घेताना माझ्या पायावर सांडलं, तेव्हा मी शिपायाला म्हणाले, "अरे, थोडी हवा सोड ना. म्हणजे नीट बसेल." त्यानं सोडली. रांजण छान बसला आणि ती गोष्ट मी विसरून गेले. आठेक दिवस गाडी कुठं गेली नाही, तेवढे दिवस रांजण तसाच होता.

मग बातमी आली की नागपूरहून बाईसाहेब येणार. ग्रामसेविकांवर देखरेख करणाऱ्या त्या मोठ्या अधिकारी. आमच्या खंडातून एकीला वर्षाच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवायचं होतं, परत आल्यावर ती मुख्य सेविका व्हायची. एकीला. दोघी आम्ही होतोच. बाईसाहेब एका गावात आमचं काम पाहणार आणि त्यावर नाव ठरणार. तळेगावच्या रस्त्यानं काही मैल जाऊन डावीकडे पांदणीत वळलं की लागणारं ते गाव होतं. तिथं पावणेतीन वर्षं मी जात होते आणि आठ महिने ती. त्या गावातल्या बाया कोणाकडे धावतील हे मला झोपेतही कळत होतं. त्या नावाची मला इतकी हाव होती की ते ठरायच्या आधीच मी वडिलांना पत्र लिहून टाकलं होतं.

त्या सकाळी जीप दारात उभी राहिली. पुढे बाईसाहेब. साहेब स्वतः मोटारसायकलवरून जाणार होते, त्यांना वाटेत एका पाटलाकडे काम होतं. मागे चुलीचं सामान, धुराड्याचे पत्र्याचे नळ, शिवणाचं मशीन आणि दोघांपुरती जागा. ती तयार होऊन उभी होती, हिरवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. ड्रायव्हरकाका नेहमी गप्प बसणारे, त्या दिवशी आपण होऊन बोलले.

"साहेब, आज स्टेपनी राहू द्या. चारी टायर मजबूत हायत. पोरीले घेऊन घ्या. तिचं काम हाय तिकडं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सवयच झाली होती त्यांना. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी इथं सांगते, कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला रस्त्याची काडीचीही काळजी नव्हती. मला एवढंच दिसत होतं की ती उतरली की बाया तिच्याभोवती गोळा होणार आणि बाईसाहेब ते बघणार.

मी म्हणाले, "कुंपणं घालायचे दिवस आहेत. परवापासून त्या पांदणीतून काट्यांच्या गाड्या चालल्या आहेत. बाईसाहेबांना उन्हात अडकवायचं का?"

गंमत म्हणजे ते खरं होतं. पेरणीआधी लोक बाभळीच्या फांद्या तोडून गाड्यांवर लादून नेतात आणि पांदणभर काटे सांडतात. बाईसाहेब कौतुकानं म्हणाल्या, "फार विचारी आहात हो तुम्ही." तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा स्टेपनीकडे पाहिलं. "ताई बरोबर बोलून राह्यल्या," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं." शिपायानं रांजण उतरवला, ड्रायव्हरकाकांनी स्टेपनी उचलली आणि घाईघाईत मागे टाकली. निघायला आधीच उशीर झाला होता, बाईसाहेब घड्याळ बघत होत्या, त्यामुळे हवा कोणी पाहिली नाही.

पांदणीत मैलभर गेलो आणि मागचं चाक बसलं. काटा बोटभर लांब होता. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली वाकून चाकाकडे बघत राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "बघा! तुमच्यामुळे वाचलो आज." मी म्हणाले, "कर्तव्यच आहे." असं बोलायला लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

ड्रायव्हरकाकांनी स्टेपनी काढली, जमिनीवर आपटली आणि ती उसळलीच नाही. त्यांनी अंगठ्यानं दाबली. मग पंप काढून हवा भरायला लागले. कपाळावरून घाम मातीत टपकत होता. पंप मारायचे थांबले की फुस्स. ट्यूब रांजणाखाली दुमडून चिरली होती.

"रांजण डुलते म्हणून कोण्या शाहण्यानं हवा सोडली असन," ते म्हणाले.

मी धुराड्याचे नळ मोजत होते. नळ चार होते. मी ते तीनदा मोजले.

मग त्यांनी फुटलेलं चाकच उतरवलं, पहारीनं टायर सोडवला, पँटच्या खिशातून सोल्युशनची नळी काढली आणि बाभळीच्या विरळ सावलीत बसून पंक्चर काढलं. दीड तास लागला, वर पुन्हा हवा भरण्यात अर्धा. सावरून उठताना ते स्वतःशीच पुटपुटले, "स्टेपनी नसती तरी हेच केलं असतं." बाईसाहेबांनी ऐकलं नाही. त्या हातरुमालानं वारा घेत होत्या. मी ऐकलं.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चावडीसमोरच्या अंगणात पंधरा-वीस बाया बसल्या होत्या आणि मध्ये कोपरापर्यंत चिखलात हात घातलेली ती. कोरड्या नाल्यातून आडवाटेनं पायी आली होती. चूल घालून झाली होती. पत्र्याचे नळ आमच्या जीपमध्ये अडकलेत म्हटल्यावर तिनं छपरावरची चार जुनी कवेलू मागून घेतली होती, दोन-दोन जोडून त्यांचंच धुराडं केलं होतं, आणि त्यातून सरळ वर धूर निघत होता. तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ मातीनं भरला होता. पायात काटा गेलेला, एक बाई तो सुईनं काढत होती आणि ती हसत होती. माझा जीव असा जळला की त्या चुलीत सरपण घालायची गरजच नव्हती.

तेवढ्यात एक म्हातारी माझ्याजवळ आली. हात डोळ्यांवर धरून मला न्याहाळलं आणि मागे वळून मोठ्यानं विचारलं, "ह्याच का वो त्या स्टेपनीवाल्या ताई?"

बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. एक पोर खो-खो हसत पळून गेलं. ड्रायव्हरकाका अचानक रेडिएटरमध्ये पाणी घालायला निघून गेले. म्हणजे गावाला माहीत होतं. एका गावाला माहीत होतं म्हणजे पन्नासेक गावांना माहीत होतं. माझे कान तापले, आणि बाईसाहेब मात्र खूश. "अरे वा! गावकऱ्यांतही तुमच्या सावधपणाची ख्याती आहे," त्या म्हणाल्या आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते आठवड्यानं कळलं. माझ्याबद्दल, दूरदृष्टी आणि जबाबदारीची जाणीव. तिच्याबद्दल, काम बरं, पण सोबत नसताना आणि परवानगीशिवाय एकटी रानातून चालत आली, ही शिस्त नव्हे. नाव माझं निघालं. मी वडिलांना दुसरं पत्र लिहिलं नाही. पहिल्यात सगळं लिहिलेलंच होतं.

पण ट्यूब सरकारी होती आणि चिरली होती, तेव्हा खुलासा हवा होता. साहेबांनी शिपायाला बोलावलं. आम्ही दोघी तिथंच होतो, रजिस्टरं भरत. शिपाई पन्नाशीचा, अजून कायम न झालेला माणूस.

"साहेब, मी माह्या मनानं नाई केलं. ताईनं सांगतलं मले, हवा सोड म्हणून."

साहेब म्हणाले, "कोणत्या ताईनं?"

ताई दोन होत्या. शिपाई एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे, आणि तोंड उघडून परत मिटे. माझा नागपूरचा कागद त्याच टेबलावर साहेबांच्या सहीसाठी पडलेला होता, मला इथून त्यावरचं माझं नाव वाचता येत होतं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. काय लिहीत होते देव जाणे, नंतर पाहिलं तर एकाच गावाचं नाव चार ओळी उतरलं होतं.

"मी सांगतलं साहेब," ती म्हणाली. "डुलत होता रांजण."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडून लेखी खुलासा घेतला, निष्काळजीपणाचा शेरा तिच्या फायलीत लावला आणि मग, त्याच दौतीत टाक बुडवून, माझ्या कागदावर सही केली. शिपायानं डोळे पुसले. मी तिच्याशी त्या दिवशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्हाला वाटेल, मला पश्चात्ताप झाला असेल. झाला, पण उशिरा. त्या क्षणी मला रागच आला. हेही तिलाच जमावं, हे मला सोसेना. चूल तिची, बाया तिच्या, आणि आता मोठं मनसुद्धा तिचंच.

मी निघाले तेव्हा आर्वी स्टेशनवर पुलगावच्या छोट्या गाडीला मला पोचवायला कोणी येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. माझी ट्रंक स्वतः उचलून डब्यात ठेवली, वर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. गाडी सुटायला वेळ होता. ती गाडी वेळेवर कधी सुटलीच नाही. खिडकीशी ती उभी होती आणि मला बोलल्याशिवाय राहवेना.

मी विचारलं, "तू का घेतलंस अंगावर? मी काही तुझं भलं केलं नव्हतं."

तिला माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं असावं. तिच्या डोळ्यांत नव्हतं. तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि शेजारच्या घरी मीठ मागावं इतक्या साधेपणानं म्हणाली, "तुमच्यासाठी नाई घेतलं, ताई. तुमचं नाव कटलं असतं तं तुम्ही इथंच राह्यल्या असत्या. आठ महिन्यात अकरा खेपा मी त्या व्हरांड्यात उभी राह्यलो. मोजल्या हायत म्या. तुम्ही नागपूरले गेल्या तं मले जीपमधी जागा भेटन."

मग गाडी हलली. ती वळून फाटकाकडे निघाली, भराभर, कारण बाहेर जीप उभी होती आणि ड्रायव्हरकाका हॉर्न देत होते. ती मागे न चढता पुढे, त्यांच्या शेजारी बसली.